अकरा ते तीन

धायरी, पुणे
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
सौ. सुहासिनी दामले,
वर्गशिक्षिका, सातवी ब

महोदया,

माझी नात कु. पूर्वा प्रज्ञेश ओव्हाळ आपल्या वर्गात आहे. तिचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा प्रज्ञेश आणि सून चैताली, दोघेही खराडीला कंपनीत आहेत. सकाळी आठला बाहेर पडतात ते संध्याकाळी आठला उगवतात. त्यामुळे पूर्वाला शाळेत आणणं-नेणं गेली सात वर्षं माझ्याकडे आहे.

आपल्या शाळेने पालकांचे व्हॉट्सॲप गट बंद केले आणि ‘जे सांगायचं ते कागदावर लिहून मुलांच्या दप्तरातून पाठवा’ असा नियम केला, तेव्हा बरेच पालक हसले. मी हसलो नाही. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं मी कागदच हाताळले. तोंडी बोललेलं उद्या कुणी कबूल करत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. १२ डिसेंबरच्या सहलीचं पत्रक मिळालं. वाघोलीच्या पुढे ‘मौजनगरी’ नावाचं काहीतरी उघडलं आहे, तिथे मुलांना नेणार आहात. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक वाक्य आहे: ‘सकाळी ११ ते दुपारी ३ विद्यार्थी चार-चारच्या गटाने, शिक्षकांविना, स्वतंत्रपणे फिरतील.’ मोबाइल न्यायचा नाही. ज्यात काही काळंबेरं नसतं ते कुणी बारीक अक्षरात छापत नाही, असा माझा अनुभव आहे. त्या चार तासांत शिक्षक कुठे असतील? माझा अंदाज, उपाहारगृहात. मुलीला काही झालं तर जबाबदार कोण, त्या व्यक्तीचं नाव आणि हुद्दा कळवावा.

पाकीट डिंकाने बंद करून झाकणावर सही केली आहे. सही मोडलेली आढळल्यास तेही कळवावं.

आपला विश्वासू,
भीमराव सीताराम ओव्हाळ
(निवृत्त मुख्य लिपिक)

*

पुणे
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

श्री. ओव्हाळ यांस,
स. न.

आपलं पत्र पोचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं तक्रारपत्र या शाळेत प्रथमच आलं, म्हणून ते मी दोनदा वाचलं.

अक्षर बारीक आहे कारण मजकूर एका पानात बसवायचा होता. शिक्षक उपाहारगृहात असतील हा आपला अंदाज अगदी बरोबर. मी तिथे दारासमोरच्या टेबलाशी अकरा ते तीन बसून राहणार आहे. चुकलेल्या मुलाला आधी भूक लागते आणि मग रडू येतं, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. प्रत्येक गटाला एक मनगटी घड्याळ आणि एक नकाशा मिळेल. दर तासाला मला तोंड दाखवून जायचं. कुणी मोठं माणूस मागे-मागे येतंय असं वाटलं, तर त्याच्याशी न बोलता थेट सुरक्षारक्षक गाठायचा, हे वर्गात करून दाखवून झालं आहे. जबाबदार व्यक्तीचं नाव सुहासिनी दामले, हुद्दा आपण वर लिहिलाच आहे.

एक नियम पत्रकात नाही, तो इथे लिहिते. गेल्या वर्षीच्या सहलीत एक वडील दिवसभर झाडाआडून मुलावर लक्ष ठेवून होते. मुलाला ते कळलं आणि तो एकाही पाळण्यात बसला नाही. म्हणून यंदा ज्या मुलाचे पालक तिथे आढळतील, त्याचा अख्खा गट उरलेला दिवस माझ्या टेबलाशी बसेल. चारही जण.

आणि हो, सही मोडलेली होती. झाकणावरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याला जुळत नव्हता. पाठवण्यापूर्वी आपणच पुन्हा उघडलं होतं का?

सुहासिनी दामले

*

धायरी
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

महोदया,

मी एकदा बंद केलेलं पाकीट पुन्हा उघडत नाही. उलट आपलं उत्तर माझ्या हाती आलं तेव्हा त्याचं झाकण ओलसर होतं आणि कोपरा दुमडलेला होता. आपल्याकडचे शिपाई साईनाथ मला फाटकापाशी रोज जरा जास्तच गोड हसतात. मी आरोप करत नाही, पण आपण लक्ष ठेवावं.

सहलीच्या फॉर्मवर सूनबाईंनी माझ्याशी न बोलता सही करून टाकली आहे. ‘आबा, बारा वर्षांची आहे ती, फिरू दे की!’ असं मला ऐकवण्यात आलं. घरात माझं मत फक्त भाजी आणताना विचारतात. म्हणून आपल्याला एक गोष्ट सांगतो, जी मी कुणाला सांगत नाही.

१ जानेवारी १९९४. भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आम्ही गेलो होतो. प्रज्ञेश तेव्हा सहा वर्षांचा. माझ्या हातातून त्याचा हात सुटला. तीन तास मी आणि माझी पत्नी, कालकथित सुंदराबाई, त्या गर्दीत वेड्यासारखे फिरलो. मी नदीच्या काठापर्यंत जाऊन पाण्यात बघून आलो. काय बघायला गेलो होतो ते आपण समजू शकाल. शेवटी तो स्वयंसेवकांच्या मंडपात सापडला, पोहे खात बसला होता. माझं पूर्ण नाव, खातं आणि हुद्दा त्याने त्यांना सांगून ठेवला होता. त्या दिवसापासून गर्दीत मी मुलाचा हात धरत नाही, मनगट धरतो.

आपली मौजनगरी त्याच रस्त्यावर आहे. नियम आपले, व्यवस्था आपली. मी माझी व्यवस्था बघेन.

भीमराव ओव्हाळ

*

पुणे
सोमवार, १ डिसेंबर २०२५

श्री. ओव्हाळ,
स. न.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि हे मी वरवरचं लिहीत नाही. त्या नदीकाठाचा विचार दोन दिवस डोक्यातून जात नव्हता.

पण राग येणार असेल तरी लिहिते. सहा वर्षांचं पोर भर गर्दीत मंडप शोधतं, नाव-पत्ता सांगतं आणि पोहे मागून खातं. ते पोर हरवलेलं नव्हतं. हरवला होतात तुम्ही दोघं. तुमच्या मुलाला त्या दिवसातलं काय आठवतं, हे कधी विचारलं आहे का? विचारून बघा.

साईनाथ सगळ्यांनाच गोड हसतो. त्याच्या बदलीचा अर्ज मंजूर झाल्यापासून हे असंच चाललं आहे. पाकिटांचं मात्र मलाही कळत नाही. तुमचं हे दुसरं पाकीटही उघडून नीट चिकटवलेलं होतं, या वेळी आधीपेक्षा सफाईने.

‘मी माझी व्यवस्था बघेन’ याचा अर्थ काय? १२ तारखेला तुम्ही कुठे असाल, ते लेखी कळवा.

सुहासिनी दामले

*

धायरी
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

महोदया,

१२ डिसेंबर रोजी माझी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी आहे. सकाळी दहापासून दिवसभर लागेल. बाहुल्या मोठ्या करण्याचे थेंब घालतात, त्यानंतर काही दिसत नाही. तेव्हा काळजी नसावी.

प्रज्ञेशला विचारलं. त्याला फक्त पोहे आठवतात. म्हणतो, मस्त होते, लिंबू पिळलेलं होतं.

वरचा मजकूर बुधवारीच लिहून टेबलावर ठेवला होता, पुढचं आज जोडतो. पूर्वा या आठवड्यात फार शहाण्यासारखी वागते आहे. न सांगता मला चहा करून देते. काल विचारत होती, ‘आबा, पुढच्या शुक्रवारी डॉक्टरकडे तुम्ही कुठल्या बसने जाणार?’ मी तिला डॉक्टरांबद्दल काही बोललो होतो असं मला आठवत नाही. कदाचित बोललो असेन. वय झालं की असं होतं.

भीमराव ओव्हाळ

*

पुणे
शनिवार, १३ डिसेंबर २०२५

श्री. भीमराव ओव्हाळ यांस,

हे पत्र दप्तरातून न पाठवता स्पीड पोस्टाने पाठवते आहे. ते फक्त तुमच्या हाती पडावं अशी इच्छा आहे.

डोळ्यांचे डॉक्टर मौजनगरीत बसतात हे मला माहीत नव्हतं.

काल दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पूर्वाच्या गटाची प्रमुख ऋचा सुरक्षारक्षकाकडे गेली. करडी टोपी आणि मास्क लावलेले एक आजोबा सकाळपासून मागे-मागे येताहेत, असं तिने सांगितलं. वर्गात शिकवलं होतं तसंच, न घाबरता. रक्षकांनी त्या गृहस्थांना कार्यालयात नेलं. ते नाव सांगेनात, गाव सांगेनात. खिशात भाजलेले शेंगदाणे आणि एक छोटी वही. चौघींना काचेपलीकडून विचारलं, ‘ओळखता का?’ चौघीही नाही म्हणाल्या. मग मुलींना खेळायला सोडलं आणि मला बोलावलं.

मी पोचले तेव्हा माझ्या हातात ती वही दिली. ‘११.२० पाण्याची घसरगुंडी, रांगेत. ११.५५ चौघी हजर. १२.३० आइस्क्रीम. पू. ने खाल्लं नाही. खोकला?’ रक्षक म्हणाला, ‘मॅडम, पोलिसांना कळवू का? माणूस डेंजर वाटतो.’ पुढच्या पानावर लिहिलं होतं, ‘१२.५० चक्री पाळणा. सबब प्रतीक्षा.’ मौजमजेच्या ठिकाणी ‘सबब’ लिहिणारा माणूस पुण्यात एकच असेल. अक्षरही मी तीन आठवडे वाचत होतेच.

आता माझी कबुली. मी तुम्हाला तेव्हाच सोडवू शकले असते. सोडवलं नाही. तुम्ही बाहेर आला असतात तर पुन्हा मुलींच्या मागे लागला असता, आणि मला माझा नियम चौघींवर लावावा लागला असता. मी रक्षकाला म्हटलं, ‘आमच्या ओळखीचे आहेत, चहा द्या आणि तीनपर्यंत बसवून ठेवा.’ हे योग्य होतं की नाही, मला माहीत नाही. मुख्याध्यापकांना हे मी सांगितलेलं नाही.

पण एक विचारते. ‘ती माझी नात आहे’ एवढं एक वाक्य बोलला असतात तर त्या खोलीतून पाच मिनिटांत सुटला असतात. का बोलला नाहीत?

सुहासिनी दामले

*

धायरी
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

महोदया,

चहा गोडमिट्ट होता, एवढंच त्याबद्दल लिहितो. खोटं लिहून दिल्याबद्दल दिलगीर आहे. नोकरीत असताना मी दुसऱ्यांना असल्याच गोष्टींबद्दल मेमो दिले आहेत.

बोललो नाही, कारण आपला नियम मला पाठ होता. मी आजोबा आहे म्हटलं असतं तर पूर्वामुळे चार मुलींचा दिवस बुडाला असता. ज्येष्ठ नागरिकांचा बसपास मोज्यात सरकवून ठेवला होता, नाव कळू नये म्हणून. पोलिसांना बोलावलं असतं तरी मी बोललो नसतो.

पण मला जे लागलं आहे ते हे नव्हे. रक्षकांनी मास्क काढायला लावला होता. पूर्वा काचेला नाक लावून उभी होती, माझ्यापासून चार हातांवर; बाकी तिघी तिच्या मागे, लांब होत्या. तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. पापणीही हलली नाही. ‘नाही, आम्ही नाही ओळखत यांना.’ तिच्याच आवाजात.

महोदया, माझ्या वडिलांच्या पिढीने नाव लपवून खोल्या भाड्याने घेतल्या. आम्ही ते सोडून दिलं. पूर्ण नाव आडनावासकट, ठासून सांगायचं, हे मी प्रज्ञेशला शिकवलं, प्रज्ञेशने पूर्वाला शिकवलं. आणि माझ्याच घरातली पोर तीन मैत्रिणींपुढे माझ्याकडे बघून ओळखत नाही म्हणते! माझी टोपी जुनी आहे, सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली आहे, हे मलाही दिसतं. तिला माझी लाज वाटली. दुसरं काय कारण असणार? शाळेत तुम्ही मुलांना स्वतंत्र व्हायला शिकवता की आपल्या माणसाला नाकारायला, हे मला एकदा सांगा.

चार दिवस झाले. घरात कुणालाच काही माहीत नाही. ती बोलत नाही, मीही बोलत नाही. बसमध्ये शेजारी बसतो आणि दोघंही खिडकीबाहेर बघतो.

भीमराव ओव्हाळ

*

पुणे
गुरुवार, १८ डिसेंबर २०२५

श्री. ओव्हाळ,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पूर्वाला दाखवलं नाही. तिला फक्त एवढंच विचारलं की आपल्या दोघांची पाकिटं कोण उघडतं. पुढचं तिने आपणहून सांगितलं. ते मला सांगून उपयोग नाही, ज्यांना सांगायचं त्यांना लिही, असं म्हटलं आणि मधल्या सुट्टीत वर्गात बसवलं. सोबत तिचं पत्र आहे. मी ते वाचलेलं नाही. साईनाथ आज धायरीच्या बाजूला जाणार आहे, तो आणून देईल.

आपण दोघांनी एक फार मोठा मूर्खपणा केला, तोही मला आजच उमगला. एका मुलीबद्दलची पत्रं आपण तिच्याच दप्तरातून पाठवत होतो, आणि वर डिंक लावून सह्या करत होतो.

सुहासिनी दामले

*

आबा,

दप्तरातली सगळी लेटर्स मी वाचली आहेत. पहिल्यापासून. पाणी लावून अर्धा तास ठेवलं की डिंक सुटतो. माझ्याबद्दल लिहिलंय आणि मलाच माहीत नाही हे मला चालणार नव्हतं. तुम्हीच म्हणता, आपल्याबद्दलचा कागद कुणाच्या हातात असेल तर तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरचं वाचलं तेव्हाच कळलं की तुम्ही येणार. तुमचे डोळे गणपतीच्या आधीच चेक झालेत, मीच आले होते बरोबर. मौजनगरीत पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही मला दिसलात. तुम्ही चालताना एक हात पाठीमागे धरता.

ऋचाला मी पाठवलं नव्हतं. ती म्हणाली, ‘यार, तो माणूस परत आलाय, मी गार्डला सांगते.’ मी तिला थांबवू शकले असते. नाही थांबवलं. हे मला तुम्हाला सांगायचंच होतं.

काचेतून मी नाही म्हटलं कारण मॅडमचा रूल मी पण वाचला होता. तिघींचा दिवस गेला असता. पण तेवढंच नाही. मला खूप राग आला होता. दोन्ही खरं आहे. तुम्हाला वाटेल मला तुमची लाज वाटली. तुमची नाही वाटली. कोरेगावला मी तुमच्याबरोबर जाते तेव्हा मी सगळ्यांना सांगते की हे माझे आबा. मला लाज वाटली की मी बारा वर्षांची आहे आणि अजून माझ्या मागे माणूस ठेवावा लागतो.

नंतरचे दोन तास मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. उंच टॉवरच्या पाळण्यात मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं मी घाबरले. तुम्ही जेवला नसाल असं मला वाटत होतं.

सॉरी, आबा. ओळखत नाही म्हटल्याबद्दल. राग आल्याबद्दल सॉरी नाही.

सोमवारपासून मी बसने एकटी येऊ का? मॅडम स्टॉपपर्यंत येईन म्हणाल्या, मी नको म्हटलं. आईबाबांना मीच विचारणार आहे, पण आधी तुम्हाला विचारते. हो म्हटलंत तर मागे रिक्षा करून येऊ नका. मला कळेल.

पूर्वा

*

धायरी
मंगळवार, २३ डिसेंबर २०२५

सुहासिनीताईंस,
जय भीम.

पूर्वाचं पत्र मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. साईनाथ दारात उभे होते तेव्हाच त्यांची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना समजलं नाही. तरीही गोड हसले. आपल्याला मी जे लिहिलं त्यातलं ‘नाकारायला शिकवता’ हे वाक्य मागे घेतो. आपण मला दोन तास कोंडून ठेवलंत, तेही बरोबरच केलंत असं आता वाटतं.

रविवारी चौघं जेवायला बसलो असताना मी सगळं सांगून टाकलं, वहीसकट. प्रज्ञेश हसून-हसून ठसका लागेपर्यंत हसला. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

काल सोमवारी पूर्वा एकटी आली. त्याचा अहवाल देतो.

शाळा पाचला सुटते. बस मिळाली की सहाला घर. मी घरातच बसलो. गॅलरीतही गेलो नाही, कारण तिथून फाट्यावरचा बसथांबा दिसतो. सहा वाजले. सव्वासहा वाजले. साडेसहाला मी बूट घातले. मग काढले. पावणेसातला पुन्हा घातले आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो. सातला पाच कमी असताना बेल वाजली.

दारात पूर्वा उभी होती. कशाला तरी हसत जिना चढून आली होती, ते हसू अजून तोंडावर होतं. उशीर का झाला, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. माझ्या पायांतल्या बुटांकडे तिने एकदा बघितलं. ‘आला नाहीत ना?’ म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकलं, पाणी प्यायली आणि आत गेली.

सात वर्षं शाळेतलं सगळं ती मला बसमध्ये सांगत होती. कुणाचा डबा सांडला, कुणी कुणाशी कट्टी घेतली, आपण कोणत्या रंगाची साडी नेसला होतात. तासभराचा प्रवास त्यातच जायचा. काल ती कशाला हसत आली, ते मला आता कधीच कळणार नाही.

ती सुखरूप आली याचा मला फार आनंद झाला, आणि तेवढंच वाईटही वाटलं. घरात हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून आपल्याला लिहिलं.

आपला,
भीमराव